वाकणार नाही अशी लवचिकता

परक्याच्या देहात शिरणाऱ्या वस्तूने नम्र असावे, हा धर्म होय. पाहुणा उंबरठ्याशी खाकरतो, वैद्य नाडी धरण्याआधी हात धुतो, आणि गळू फोडणारा न्हावीसुद्धा पूर्वी "आता जरा दुखेल हं" एवढे म्हणत असे. ज्याला आत जाण्याचा अधिकार मिळाला, त्याच्यावर थांबण्याचे कर्तव्य आपोआप येते. हे तत्त्व यंत्रांना कोणी शिकविले नाही, यात यंत्रांचा काही दोष नाही. ते शिकविण्याचा यत्न पुणे शहरी एका सद्गृहस्थाने केला, आणि त्या यत्नास सर्व संबंधितांनी यथाशक्ती साहाय्य केले. त्या साहाय्याची ही हकीकत आहे.

गोपाळकृष्ण खांबेटे हे सदाशिव पेठेत राहणारे निवृत्त अभियंते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी रबराचे पडदे, पिशव्या आणि झडपा यांच्या आराखड्यांत घालविली होती. स्वभाव सौम्य. वाद घालून जिंकण्यापेक्षा मान डोलावून घरी यावे आणि घरी आल्यावर योग्य उत्तर सुचावे, अशी त्यांची आयुष्यभराची पद्धत. पत्नी कुसुमताई यांच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झालेली असल्याने दर सहा महिन्यांनी त्यांचा स्कॅन करावा लागे. आतले अवयव उठून दिसावेत म्हणून स्कॅनच्या वेळी शिरेत औषध सोडतात. ते हाताने सोडून भागत नाही, वेग लागतो. म्हणून एक यंत्र असते. यंत्रात भली मोठी सिरिंज बसवितात आणि मागून दट्ट्या तिला रेटतो.

एका खेपेस कुसुमताईंची शीर आतून फाटली, आणि यंत्राने आपले कर्तव्य सोडले नाही. ठरलेले औषध ठरलेल्या वेगाने ते त्यांच्या कातडीखाली भरू लागले. तंत्रज्ञ संभाजी याचे बोट सुदैवाने त्यांच्या कोपराजवळ होते. कातडी वर येताच त्याने धावत जाऊन यंत्र बंद केले. तरीही पडवळासारख्या हाताचा दुधी भोपळा झाला आणि तो उतरायला पंधरवडा लागला.

"काकू, मशीनला कळत नाय हो," संभाजी बर्फ लावता लावता म्हणाला होता. "ते ढकलतंय म्हंजे ढकलतंय. म्हणून मी आपलं बोट ठेवतो."

"बरोबर आहे," कुसुमताई म्हणाल्या होत्या. "आमच्या सोसायटीच्या चेअरमनचंही तसंच आहे. पण त्यांच्यावर बोट ठेवायला कोणी नाही."

त्या दिवसापासून खांबेट्यांनी ध्यास घेतला. जुनी सिरिंज म्हणजे एक कडक नळी आणि तिच्या आत सरकणारे रबरी बूच. खांबेट्यांनी नळीच मऊ केली. भिंत पातळ ठेवली. दट्ट्या मागून रेटू लागला, की सदऱ्याची बाही उलटावी तशी ती भिंत स्वतःवरच उलटत जाई आणि औषध पुढे सरके. नळीच्या गळ्याशी त्यांनी आणखी मऊ भाग योजिला. पुढे शिरेने विरोध केला, की तेथे फुगवटा येई, फुगवटा बाजूच्या कळीला टेके आणि यंत्र तत्क्षणी थांबे. दोन वर्षे स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे प्रयोग चालले. त्या काळात पोळ्यांना रबराचा वास येई आणि मधले स्कॅन संभाजीच्या बोटाच्या भरवशावर पार पडत.

ज्या दिवशी यंत्र प्रथम आपण होऊन थांबले, त्या दिवशी कुसुमताई डोळ्यांवरचा चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे ही सिरिंज समोरच्याचं ऐकते?"

"ऐकते," खांबेटे कृतार्थ स्वरात म्हणाले.

"पुण्यात तयार झाली म्हणता?"

पुढचा स्कॅन दसऱ्यानंतर होता. तोपर्यंत सिरिंजला मान्यता मिळाली, तर कुसुमताईंचा हात त्या नम्र वस्तूच्या स्वाधीन करता येणार होता. त्यांच्या शिरा आता सुकत आल्या होत्या. दुसऱ्यांदा तसेच घडले, तर हात कामातून जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. खांबेटे पावसाळ्याच्या सुरुवातीसच रुग्णसाधन मान्यता मंडळाच्या पायऱ्या चढले.

हे मंडळ बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या दुकानांवरील मजल्यावर, तात्पुरत्या जागेत होते. त्या तात्पुरतेपणाचा रौप्यमहोत्सव नुकताच साजरा झाला होता. मंडळाची मूळ स्थापना सलाईनच्या लोखंडी स्टँडांचे परीक्षण करण्यासाठी झाली. स्टँड वाकला तर बाटली पडे, म्हणून "दाबले असता वाकू नये" हा मंडळाचा आद्य नियम ठरला. पुढे मंडळाकडे खाटा आल्या, कुबड्या आल्या, चाकांच्या खुर्च्या आल्या. नियम सर्वांना पुरला. मध्यंतरी जखमेवर बांधावयाच्या पट्ट्या परीक्षणास आल्या असता त्या वाकल्या. तेव्हा त्यांना प्लास्टरमध्ये भिजवून व वाळवून मान्यता देण्यात आली. ज्या नियमाने इतकी वर्षे रुग्णांची सेवा केली, तो एका सिरिंजसाठी बदलावा, असे कोणाही कृतज्ञ माणसाला वाटणार नाही.

अध्यक्ष डॉ. श्यामसुंदर मुजुमदार यांनी सिरिंज हाती घेतली आणि मंडईत आंबा पारखावा तसा तिच्यावर अंगठा दाबला.

"दबते आहे," ते म्हणाले.

"दबावी म्हणूनच केली आहे," खांबेटे म्हणाले.

"हेतू उत्तम. पण हेतूचं परीक्षण आमच्याकडे नसतं. आमच्याकडे वस्तू येते, आणि वस्तू दबते आहे."

सदस्य-सचिव नीरजा चिपळोणकर या मृदुभाषी बाई होत्या. त्यांनी चहा पुढे सरकवीत समजूत घातली. "अहो खांबेटे, गैरसमज नको. लवचिकतेला मंडळाचा मुळीच विरोध नाही. मागे आपण लवचिकतेवर दोन दिवसांचं चर्चासत्रसुद्धा घेतलं. आमचं म्हणणं एवढंच, की ती वाकू नये."

"मग ती लवचिक कशी म्हणायची?"

"आतून असावी ना! माणसाचा चांगुलपणा बाहेर दिसतो का? आपण असं करा, बाहेरून एक कडक कवच बसवा. आत तुमची लवचिकता सुरक्षित राहील. उलट जास्तच सुरक्षित राहील."

खांबेट्यांनी विचार केला. कवच असले, तरी आतली भिंत उलटेलच. गळ्याशी फुगवट्यासाठी खिडकी ठेवता येईल. दसरा दूर होता, पण फार दूर नव्हता.

"चालेल," ते म्हणाले.

जिना उतरताना त्यांना तीन उत्तम युक्तिवाद सुचले. परंतु तोवर सभा संपली होती.

दुसऱ्या बैठकीत कवचयुक्त सिरिंज अंगठ्याला उतरली. मंडळाने समाधान व्यक्त केले. मात्र या खेपेस रुग्णालय-चालकांचे प्रतिनिधी सर्जेराव दांगट उपस्थित होते. सर्जेरावांचे गाव शहरात आले तेव्हा त्यांच्या उसाच्या फडावर रुग्णालय उभे राहिले. माणूस दिलदार, कोणाला औषधावाचून परत न पाठविणारा. त्यांनी कवचाच्या खिडकीत बोट घालून पाहिले.

"ही खिडकी कशापायी, खांबेटेसाहेब?"

"शीर अडली, की इथे फुगवटा येतो. फुगवटा आला, की यंत्र थांबतं."

"थांबतं?" सर्जेरावांनी टोपी मागे सरकवली. "मंग पुन्हा शीर शोधायची, पुन्हा सुई, पुन्हा समदं पहिल्यापासनं? साहेब, माझ्या दवाखान्यात भायेर लिफ्टपत्तुर रांग हाय. एक मशीन थांबलं, तर लोकं मला आय-भैनीवरनं घेत्यात. तुम्ही शिकलेली मान्सं. तुमचा नंबर लांबला, तर तुम्हीबी काउंटरवर येऊन इंग्रजीत भांडता. मी म्हन्तो, थांबन्यात फायदा कुनाचा?"

"ज्याची शीर अडली त्याचा," खांबेटे म्हणाले.

"तो एकच. रांगेत किती हायेत?"

हा प्रश्न लोकशाही तत्त्वाला धरून असल्याने सभेने गंभीरपणे माना डोलावल्या. अध्यक्षांनी मध्यममार्ग काढला. "आपण फुगवट्याला मनाई करणं योग्य नव्हे. संशोधकाच्या मूळ कल्पनेचा आदर राखायला हवा. फुगवटा अवश्य यावा. फक्त औषध संपल्यावर यावा."

"औषध संपल्यावर आला, तर त्याचा उपयोग काय?"

"नोंद होते ना," नीरजाबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळेस काळजी घेता येते."

ठरले असे, की गळ्याभोवती तूर्त एक धातूचे कडे बसवावे. कडे काढता-घालता येणारे असल्याने तत्त्वाला बाध येत नव्हता. खांबेट्यांना मनातून वाटले, मान्यता एकदा पदरात पडू द्यावी, मग कडे काढण्यास कितीसा वेळ? आधी लग्न, मग स्वभाव, अशी जगाची रीतच आहे.

"चालेल," ते म्हणाले.

तिसऱ्या खेपेस निराळेच विघ्न आले. कडक कवचात घासून पातळ भिंत फाटू लागली. ती फाटू नये म्हणून मंडळाच्या सूचनेवरून जाड केली. जाड भिंत उलटेना. ती उलटेना म्हणून औषध पुढे जाईना. औषध पुढे जावे म्हणून आत एक रबरी बूच सरकवावे लागले. बूच आल्यावर मऊ भिंतीचे कार्य उरले नाही, म्हणून ती काढण्यात आली. प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून अपरिहार्यपणे निघत होती आणि तर्कशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कोठेही बोट दाखविता आले नसते.

खांबेटे ती वस्तू घेऊन घरी आले तेव्हा कुसुमताई पाने वाढत होत्या. त्यांनी कवच, कडे व बूच नीट निरखले.

"अहो, ही तर पहिलीच."

"नाही. हिच्यात लवचिकतेसाठी तरतूद आहे."

"कुठे?"

"मान्यता मिळाल्यावर कडं काढता येतं."

"आणि कडं काढल्यावर मान्यता राहते?"

खांबेट्यांनी कढीचा भुरका घेतला.

"तुम्ही दर वेळी तिथे काहीतरी विसरून येता," कुसुमताई म्हणाल्या. "पूर्वी छत्री विसरायचात. ते बरं होतं." मग त्यांनी पुन्हा वाटी भरून कढी वाढली, आणि वाढताना डाव्या हाताने उजव्या कोपराजवळची निळी जागा उगीचच झाकून घेतली.

मान्यता एकमताने मिळाली. अध्यक्षांनी सर्व बळ लावून अंगठा दाबला, तरी सिरिंज तसूभर हलली नाही. "हिला म्हणतात लवचिकता," ते भारावून म्हणाले. "कशालाही बधत नाही." भाद्रपदात एका सभागृहात सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी देण्यात आली. पगडी खांबेट्यांना घट्ट झाली, परंतु ती सैल करण्याची तरतूद नव्हती. अध्यक्षांनी भाषणात सांगितले, की आजवर रुग्णाला यंत्रापुढे वाकावे लागे. खांबेट्यांच्या प्रतिभेमुळे आता कोणालाही वाकण्याची गरज उरली नाही. टाळ्या पडल्या. कुसुमताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारले, "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल नाही?" त्यावर त्या म्हणाल्या, "वाटतोय. आता उतरेल दोन-तीन दिवसांत."

महिनाभरात शहरातील सर्व केंद्रांना लवचिक सिरिंज अनिवार्य झाली. जुनी, म्हणजे हुबेहूब तशीच पण कवच नसलेली सिरिंज, रुग्णद्रोही ठरवून बाद करण्यात आली. आणि नवी सिरिंज शिरेचा विरोध स्वतःच जाणते, असे मंडळाने प्रमाणित केलेले असल्यामुळे तंत्रज्ञाने रुग्णाच्या हातावर बोट ठेवून उभे राहणे हे अनावश्यक, वेळखाऊ आणि मान्यताप्राप्त साधनावर अविश्वास दर्शविणारे वर्तन होय, असा आदेश निघाला. वेळ वाचला. रांगा भराभर पुढे सरकू लागल्या. लोक संतुष्ट झाले.

दसऱ्यानंतर कुसुमताईंचा क्रमांक आला. बाहेरच्या बाकांवर जागा नव्हती. काही मंडळी भिंतीला टेकून उभी होती, काही मोबाईलमध्ये मग्न होती, आणि सर्वांची नजर अधूनमधून आतल्या दाराकडे जात होती. संभाजीने खांबेट्यांना ओळखले. त्याने वर्तमानपत्रात पगडीसह छायाचित्र पाहिले होते.

"काका, नाव काढलंत!" तो मोठ्याने म्हणाला. बाकावरची मंडळी कौतुकाने वळून पाहू लागली. मग त्याने आवाज खाली आणला. "एक इचारू का? काकूंची शीर लय बारीक हाय. मी आपलं बोट ठेवू का? तसं ठेवायला मनाई हाय. सायेब म्हन्तात, सिरिंजचा अपमान होतो. पण तुम्ही सांगितलंत तर ठेवतो. बनवनाऱ्यानंच सांगितलं, तर मला कोन काय म्हनंल?"

खांबेट्यांच्या मुखात उत्तर तयार होते. त्यांना आयुष्यात प्रथमच जिना उतरण्यापूर्वी योग्य उत्तर सुचले होते. ती लवचिक नाही, बाबा, बोट ठेव. एवढेच म्हणायचे होते. परंतु बाकावरील एक गृहस्थ उभे राहून त्यांना नमस्कार करीत होते. दुसरे विचारीत होते, "हेच का ते? ह्यांनीच का ती सिरिंज काढली?" आणि मागून एका बाईंचा सात्त्विक संताप ऐकू आला, "अहो, गप्पा नंतर मारा ना! आम्ही सकाळपासून उपाशी बसलोय. आमचे नंबर केव्हा?"

कुसुमताई आतल्या खाटेवर पडल्या पडल्या दाराकडे पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. पन्नास वर्षांच्या संसारात तो चेहरा त्यांना पाठ झाला होता.

"चालेल," खांबेटे म्हणाले. "नको ठेवूस."

संभाजी आत जाऊन, सुई लावून बाहेर आला. दार लागले. दट्ट्या रेटू लागला. शीर फाटली, तेव्हा कुसुमताईंनी हाक मारली. दाराच्या काचेमागे ती ऐकू येत नव्हती, ओठ तेवढे हलताना दिसले. खांबेट्यांनी दार ढकलले. दार कडक होते. औषध संपल्यावर यंत्र शिस्तीने थांबले.

त्या सायंकाळी हाताची कातडी लांबवर चिरून आतला दाब मोकळा करावा लागला. हात वाचला. परंतु उजव्या हाताची तीन बोटे पुढे कधी मिटली नाहीत. कुसुमताई डाव्या हाताने जेवायला शिकल्या आणि पोळीचे तुकडे खांबेटे करून देऊ लागले. एकदा ते ताटावर वाकून पुटपुटले, "कुसुम, मी तेव्हा..." कुसुमताईंनी मध्येच थांबविले. "तुकडे जरा लहान करा. ऐकणारी वस्तू घरात एक तरी असू द्या."

मंडळाने अर्थातच चौकशी केली. हयगय केली नाही. निष्कर्ष असा निघाला, की विरोध होताच फुगवटा आला होता, म्हणजे संशोधकाने सांगितल्याप्रमाणेच घडले. तो सिरिंजऐवजी रुग्णाच्या हातावर आला, परंतु फुगवट्याच्या स्थानाविषयी नियम मौन बाळगतो. रुग्णाची त्वचा अपेक्षेपेक्षा अधिक ताणली गेल्याचेही मंडळाने समाधानपूर्वक नमूद केले. खांबेट्यांनी मान्यता रद्द करावी, अशी हात जोडून विनंती केली. तेव्हा नीरजाबाईंच्या डोळ्यांत खरेच पाणी आले. "अहो, मला समजतंय," त्या म्हणाल्या. "पण आता ती तुमची राहिली नाही. ती सगळ्यांची झाली. आणि तुम्ही कुठे कधी नाही म्हणालात?"

सुज्ञ वाचक येथे खांबेट्यांना दोष देतील. त्या भल्या गृहस्थाने वेळीच "नाही" म्हणावयास हवे होते, असे ते चहाचा घोट घेत म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे सर्वथा योग्य आहे. फक्त त्यांनी एवढे आठवून पाहावे, की त्या सकाळी बाहेरच्या बाकावर घड्याळाकडे पाहत आणखी कोण कोण बसले होते, आणि आतले दार उघडून कुसुमताईंची खाट घाईने बाहेर आणली गेली, तेव्हा वाट देण्यासाठी पाय आखडून घेताना "आता किती वेळ लागेल हो?" हा प्रश्न कोणाच्या आवाजात विचारला गेला. आवाज ओळखीचा होता, असे संभाजी सांगतो.

असो. दोष काढण्यासाठी ही हकीकत सांगितली नाही. ज्यांनी ज्यांनी साहाय्य केले, त्या सर्वांचे कल्याण असो. अध्यक्षांना दीर्घायुष्य लाभो, नीरजाबाईंचे मन असेच हळवे राहो, सर्जेरावांच्या दारची रांग कधी न खुंटो. संभाजीची नोकरी टिको. कुसुमताईंचा डावा हात त्यांना अखेरपर्यंत साथ देवो आणि खांबेट्यांच्या हातून पोळीचे तुकडे लहान होवोत. आणि वाचकहो, आपला क्रमांक लवकर येवो. तो येईल तेव्हा आपली शीर पहिल्याच सुईला सापडो.